यादी, लॉक आणि कोलंबी

थळच्या घरी बसून मी कर्नेलच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या, नेटवर्किंगचा कोड लिहितो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नव्या बदलांचा पॅच पाठवायचा होता, आणि नेटवर्क कार्ड उपसलं की मशीन ठप्प! उपकरणांच्या सामाईक यादीला मी एकच दणदणीत लॉक लावलं होतं: एका वेळी एकानेच हात लावायचा. कार्ड काढणारा कोड ते धरून वाटेतली डेटाची पॅकेटं संपायची वाट बघे, आणि पॅकेटं लॉक सुटण्याची.

माझं हे रडगाणं ऐकत कोलंबी सोलता सोलता बायकोने विचारलं, “अहो, यादी बदलणारे किती?”

“क्वचित एखादा.”

“आणि वाचणारे?”

“हजारो! प्रत्येक पॅकेट ती वाचतं.”

“मग हजारांना कशाला अडवता? त्या एकालाच थांबवा की!”

मी खुर्चीतून उडालोच. लॉक फक्त बदलणाऱ्यांपुरतं ठेवलं. वाचणाऱ्यांना आरसीयू ही बिनलॉकची पद्धत दिली: खुशाल वाचा, काढलेली नोंद शेवटचा वाचक गेल्यावरच पुसू. मग तिच्यासमोर जादूगाराच्या थाटात कार्ड दहादा उपसलं. मशीन चालतच राहिलं. पॅच दिवेलागणीच्या आत गेला.