सहीचं पान

"वहिनी, बघा हो, कुणीतरी रेघोट्या मारलेलं पुस्तक आणलंय हिने. कोरं मिळत नव्हतं का?"

दसऱ्याची सकाळ होती. घाटकोपरच्या आमच्या घरात मी आतल्या खोलीत केस पुसत होते आणि बाहेर आत्या आईशी बोलत होती. दसऱ्याला आत्या मालाडहून यायची आणि पूजेचा ताबा घ्यायची. पाटीवर सरस्वती काढून पाटावर मांडायची, भोवती घरातली पुस्तकं रचायची. त्या वर्षी तिने माझं कपाट उघडून तीन अमेरिकन कादंबऱ्याही पूजेसाठी नेल्या होत्या.

"रेघोट्या नाहीत, वन्सं. लेखकाची सही आहे म्हणे," आई म्हणाली.

"खुद्द लेखकाची? मग मिटून कशाला ठेवायचं? उघडंच ठेवते. तिथेच कुंकू लावू."

मी टॉवेल टाकून दाराशी आले.

ती पुस्तकं मला जुहूच्या एका रद्दीवाल्याकडे मिळाली होती. बंगले रिकामे झाले की तिथली कपाटंच्या कपाटं त्याच्याकडे यायची. मरोळच्या ऑफिसातून शनिवारी लवकर सुटले की मी तिथे जायची, ढिगापुढे उकिडवी बसायची आणि अमेरिकन कादंबरी दिसली की शीर्षकाचं पान उलटून मागची छपाईची माहिती वाचायची. मला हवी असायची ती पहिली आवृत्ती, पण ती क्वचितच निघे. त्या तिन्हींपैकी एकीवरच लेखकाची सही होती, निळ्या शाईची, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली. त्या माणसाने हे पान स्वतः समोर धरलं होतं, या विचाराने मला इतका आनंद व्हायचा की झोपण्याआधी मी ते एकदा उघडून बघायची.

घरात हे मी आपणहून कुणाला सांगितलं नव्हतं. इंग्रजी शाळेत घातलेली घरातली मी एकटीच. इंग्रजी पुस्तकाचा विषय काढला की "आली मडम" असं कुणीतरी हसत म्हणायचंच. चिडवण्यात वाईट काही नसायचं, पण मी बोलणं सोडलं होतं. आईलाही सहीचं कळलं ते तिने एकदा विचारलं म्हणून.

आता पुस्तक पाटावर उघडं होतं. एरवी मी गुपचूप उचलून नेलं असतं. पण पूजेत मांडलेल्या पुस्तकाला संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही, हा नियम आत्यानेच मला लहानपणी शिकवलेला. आणि ती वाटीत पाणी घालून कुंकू कालवत होती. ओलं बोट लागलं की शाई पसरणार.

तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चष्मा नाकावर घेऊन ती वाकून सही न्याहाळत होती. नाव तिला लागत नव्हतं, तरी डावा हात आपोआप छातीशी गेला होता. माझ्या त्या पानाला माझ्याखेरीज इतका मान कुणी दिला नव्हता. मला एकदम हसू आलं.

तिने बोट वाटीत बुडवलं.

"आत्या, थांब!"

आवाज इतका मोठा आला की आईही वळली.

"काय गं, केवढ्याने ओरडतेस! काय झालं?"

"कुंकू नको, शाई फुटेल. फूल वाहा त्याच्यावर. आणि मग बस इथे माझ्याजवळ, कुणाची सही आहे ते सांगते तुला."