मावशीच्या डब्यातलं ताक

आज फोडणीत लाल मिरची पडली, ठसका लागला, आणि मला मिरचीच्या पथारीवरचा माझा पहिला दिवस आठवला. उघड्या रानात मिरच्या वाळत घातलेल्या, आम्ही बाया देठ खुडत बसलेलो. माझं तान्हं पोर झोळीत भुकेनं रडायला लागलं, आणि माझे हात तर नुसते जळत होते, धुतले तरी जळत होते, अशा हातांनी त्याला पाजू कसं, आणि उठले तर उद्या कामावर घेतील का, मला काही सुचेना.

आमची मुकादम गंगूमावशी आली. "कसाले रडावस वं पोऱ्याले?"

"मावशी, मन्हा हात तिखट शेतस."

"येडी! मिरची पानीले नही भ्यास, ताकले भ्यास." तिनं माझ्या हातांना तेल चोळलं, आणि स्वतःच्या डब्यातलं ताक त्यांवर ओतलं.

मी पाजायला बसले, तेवढ्यात मालक ओरडला, "ही का बसली?"

मावशी माझ्या जागेवर देठ खुडत होती. "तिना जागावर मी शे. बोलनं व्हई तं माले बोला."

मालक निघून गेला. दुपारी मावशीनं कोरडी भाकर खाल्ली.

तेव्हा मला एवढंच कळलं, की पोर निजलं. औंदा दुसऱ्या पथारीचा माणूस गाडी घेऊन गल्लीत आला, आमच्याकडं कामाला या, सावलीत बसवतो म्हणाला. एकही बाई गाडीत चढली नाही. मावशी कोपऱ्यावर दिसली, तशा सगळ्या तिच्यामागं निघाल्या.

मी डब्यात ताक जास्तीचं घेतलंय. पथारीवर एक नवी लेकुरवाळी आलीय.