मेश्रामकाकांचं ‘दिमे’

भाषा शिकवायला बसलं की शिकवलेलं विसरलं जातं आणि किस्से तेवढे उरतात. माझ्याकडे आता इतके झालेत की रायपूरच्या आमच्या चौबे कॉलोनीत ओळखीचं कुणी भेटलं, की आधी ‘कशी आहेस’ नाही, थेट "ते मेश्रामकाकांचं सांग ना!"

तर सांगते.

राज्य नवं होतं, राजधानी नवी होती. रोज कुठल्यातरी इमारतीवर नवा बोर्ड चढायचा. मी सहा वर्षं स्पेनमध्ये शिकून परतले होते आणि रायपूरचं दार जगाला उघडून द्यायचं काम माझंच आहे, याबद्दल मला जराही शंका नव्हती! घराच्या वरच्या खोलीवर मीही बोर्ड लावला : ‘स्पॅनिश शिका’.

चौकशीला बरेच जण आले. सगळ्यांचा प्रश्न एकच. "दीदी, इससे सरकारी नौकरी लगेगी क्या?"

नाही म्हटल्यावर तिघं उरले.

* * *

पुरानी बस्तीतली शुभांगी कॉलेजात होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. वानखेडे पंडरीच्या कापडबाजारात सेल्समन. आणि मेश्रामकाका आमच्याच गल्लीतले, रेल्वेतून रिटायर झालेले. तीस वर्षं त्यांनी स्टेशनवरची चौकशीची खिडकी सांभाळली होती.

काकांचं येण्याचं कारण सरळ होतं. मुलगी सुजाता लग्न होऊन स्पेनला गेलेली. नातू राहुल पाच वर्षांचा, बोलायचा फक्त स्पॅनिश.

"त्याची माय मधात बसून सांगते. त्याले हे आवडते, ते आवडते. मले त्याच्या तोंडून ऐकायचं हाये, मॅडम. पोट्टा माह्याशी बोलतच नाही."

मॅडम! खाली गल्लीत हेच काका मला "काय वं पोरी, जेवली का?" विचारायचे. जिन्याची शेवटची पायरी चढली की मी मॅडम.

* * *

पहिला धडा ‘दिमे’चा. दिमे म्हणजे ‘मला सांग’. स्पेनमध्ये घरात, मित्रांत कुणाला काही विचारायचं तर लोक अशीच सुरुवात करतात. शुभांगीनं मला दिमे म्हणायचं होतं. तिच्या तोंडून ते निघेना. शेवटी म्हणाली, "दिमे जी."

"जी नको."

"दिमे ना, दीदी... प्लीज जी."

वानखेडेंना लाजबीज काही नाही. त्यांनी समोर कापडाचं ठाण उलगडल्यासारखा हात फिरवला आणि म्हणाले, "दिमे भैया, आराम से दिमे! देखने में क्या जाता है!"

* * *

काका तर मला दिमे म्हणायला तयारच नव्हते. मग मी एक भाषणच दिलं. तिकडे प्राध्यापकालासुद्धा ‘तू’ म्हणतात, ‘तू’ म्हटलं की लहानमोठं राहत नाही, माणसं समान होतात, वगैरे. अगदी मनापासून बोलत होते मी!

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माह्या बापाले अख्खं गाव ‘तू’च म्हणे, मॅडम," ते म्हणाले. "समान काही झाला नाही तो."

त्या दिवशी क्लास लवकर सुटला.

* * *

पुढचा सराव वेळापत्रकाचा. एकाच्या हातात गाड्यांच्या वेळा, दुसऱ्यानं विचारायचं. शुभांगी आणि वानखेडे पंधरा मिनिटं बोलत होते. कोणता पारा म्हणजे मोहल्ला, कोणाची मुलगी, भंडाऱ्याची आत्या कोणत्या घरात दिली, सगळं निघालं.

"आणि गाडी किती वाजता?" मी विचारलं.

शुभांगीनं जीभ चावली. "वो तो पूछा ही नहीं!"

काकांचं उलटं. ते "दिमे, एल त्रेन?" म्हणजे ‘सांग, गाडी?’ असं विचारायचे आणि वानखेडेंनी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच द्यायचे, "आन्देन त्रेस. दोस ओरास दे रेत्रासो." प्लॅटफॉर्म तीन. दोन तास लेट.

"काका, उत्तर त्यांना द्यायचंय!"

"तीस वर्षांत मी कोणाले काही विचारलंच नाही, मॅडम. लोकं विचारत, मी सांगत जाय."

* * *

मग तो रविवार. दुपारी राहुलशी बोलायला आम्ही सायबर कॅफेत गेलो. कॅमेरावाला कॉम्प्युटर एकच, बाहेर लोक थांबलेले. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. कागदावर सात प्रश्न, सातही ‘दिमे’नं सुरू होणारे. काय खाल्लंस, शाळेत काय केलंस, मित्राचं नाव काय.

पडद्यावर राहुल टेबलावर खेळण्यातली आगगाडी फिरवत होता. त्यानं मान वर केली नाही. सात प्रश्न संपले. मागून सुजाताचा आवाज आला, "बाबा, तो लाजून राहिला."

काकांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली. "राहू द्या, मॅडम. पुढं कधी बोलन."

तेवढ्यात पडद्यावरची गाडी थांबली. खालीच बघत पोरगा म्हणाला, "दिमे, आबुएलो. एल त्रेन?"

सांग, आजोबा. गाडी?

काका ताठ बसले. चष्मा वर सरकवला. आणि गर्दीला पुरून उरणाऱ्या त्या खिडकीतल्या आवाजात म्हणाले, "आन्देन त्रेस! दोस ओरास दे रेत्रासो!"

राहुल खदखदून हसला. धावत जाऊन दुसरी गाडी घेऊन आला. "ई एस्ते?" आणि ही? मग तिसरी. मग एक बस.

कॅफेवाला मागे येऊन उभा राहिला. "अंकल, टाइम हो गया. पब्लिक खड़ी है."

काकांनी मान वळवली नाही.

"दो घंटे लेट है," ते म्हणाले. "बैठो."