माझे शिवाजीनगरचे वाचक

मी तेच तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचते, ही गोष्ट आमच्या घरात कुणाला कधी सरळपणे घेता आली नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूबाई राहायला आल्या, तेव्हा माझ्या हातात एक जाडजूड कादंबरी होती. दोन वर्षांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हाही तीच होती. त्यांनी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, की हिचं शिक्षण नक्की किती झालंय? नवऱ्याने हे मला जेवताना सांगितलं आणि वर स्वतःच हसत बसला.

यात माझा दोष फार तर निम्मा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी आम्ही बंगलोरला आलो. हेब्बाळच्या बाजूला क्वार्टर मिळालं, पाणी मिळालं, शेजार चांगला मिळाला. मराठी पुस्तक मिळणं मात्र कपिलाषष्ठीचा योग. मराठी मंडळाचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली मंडळाच्या कार्यवाहांच्या जानव्याला असायची. हे गृहस्थ मूळचे पुण्याचे. नवीन पुस्तक देण्याआधी ते जुन्याचा सारांश विचारत. मी एकदा सारांशाऐवजी माझं मत सांगितलं, तर म्हणाले, मत पुढच्या वेळी, आधी गोष्ट सांगा. त्या दिवसापासून मी कपाटाचा नाद सोडला आणि माहेरून आणलेल्या ट्रंकेतली पुस्तकंच उलटीसुलटी वाचू लागले.

आणि खरं सांगायचं तर त्यातच मला सुख होतं. नवीन पुस्तक म्हणजे पाहुणा. त्याच्यासमोर नीट बसावं लागतं. जुन्यासमोर पाय पसरून बसता येतं, मध्येच उठून कुकर बंद करता येतो, भांडता येतं. एका कादंबरीतली नायिका शेवटी त्या नतद्रष्ट नवऱ्याकडे परत जाते. मी तिला दर उन्हाळ्यात बजावायची, बाई जाऊ नकोस. ती दर उन्हाळ्यात जायचीच. मग दोन दिवस मी माझ्या नवऱ्याशी धड बोलत नसे आणि त्या बिचाऱ्याला कारण कळत नसे.

अशा भांडणांतूनच मी लिहायला लागले. लोकांच्या नायिका ऐकत नाहीत, तर आपली एक करावी, असा साधा हिशेब. दिवाळी अंकांना कथा पाठवल्या. त्या इतक्या तत्परतेने साभार परत येत, की मला शंका यायची, पोस्टमन त्या कोपऱ्यावरूनच परत आणतो की काय. मला बक्षीस नको होतं, मानधन नको होतं. मला वाचक हवा होता. मी लिहिलेलं कुणीतरी, माझ्या नात्यात नसलेल्या माणसाने, आपण होऊन वाचावं, एवढी एकच गोष्ट मला हवी होती आणि तीच मिळत नव्हती.

दशक संपत आलं आणि नवऱ्याच्या ऑफिसात इंटरनेट आलं. एके दिवशी तो म्हणाला, अमेरिकेत कुणीतरी फुकट जागा वाटतंय, तुझं एक पान करू या. आज माझी भाची त्याला ब्लॉग म्हणते. तेव्हा त्याला आम्ही नुसतं 'पान' म्हणायचो. त्याने ते हळदीसारखं पिवळंजर्द केलं आणि वर एक समई लावली, जी गरगर फिरायची. समई कशाला फिरेल, असं मी विचारलं, तर म्हणाला, टेक्नॉलॉजी आहे. तळाशी एक आकडा होता. कुणी पान उघडलं की तो एकाने वाढायचा.

अडचण लिपीची होती. देवनागरी अक्षरं त्या काळी एका मशीनवर दिसली तर दुसऱ्यावर चौकोन चौकोन दिसायचे. म्हणून मी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलं. कार्यवाहांना कळलं तेव्हा ते म्हणाले, ही तर पुरणपोळी काट्याचमच्याने खाल्ल्यासारखी झाली, आणि त्यांनी पान न वाचण्याची जाहीर शपथ घेतली. मला ते मनातून पटलं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

पानावर मी कादंबरीच सुरू केली. नायिका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला, तोंडाने फटकळ, नवऱ्याकडे परत न जाणारी. पहिलं प्रकरण थेट समईखाली, आणि त्याच्या शेवटी निळ्या अक्षरांत 'पुढचं प्रकरण'. त्यावर टिचकी मारली की दुसरं उघडायचं. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून मी हेब्बाळहून बस पकडून बंगलोरमधल्याच शिवाजीनगरला जायची. तिथे स्कूटरच्या सीटा शिवणाऱ्या एका दुकानाच्या वर सायबर कॅफे होता. खाली रेग्झिनचा वास, वर मोडेमची किरकिर. खिडकीजवळचं कोपऱ्यातलं मशीन माझं ठरलेलं. मी प्रकरण टाइप करायची आणि उठण्याआधी तळाचा आकडा बघायची. तो दर वेळी मी आणि नवरा मिळून जितका होईल तितकाच असायचा. मी सुस्कारा टाकायची आणि घरी जायची.

कॅफेचा मालक भला माणूस होता. माझा सुस्कारा त्याच्या कानावर जात असणार.

कारण एके दिवशी आकडा उडाला. आदल्या खेपेपेक्षा शंभराने जास्त. मला वाटलं मशीन बिघडलं. पुढच्या खेपेला आणखी दोनशे. मग काय विचारता! मी बसमध्ये खिडकीपाशी बसून मनातल्या मनात मुलाखती देऊ लागले. पानावर 'प्रिय वाचकहो' असं लिहू लागले, आणि एकदा तर 'आपल्या आग्रहास्तव' असंही लिहिलं, आग्रह कुणीच केला नसताना. हातमागाच्या साड्या बाहेर काढल्या. बोलताना चष्मा काढून हातात धरायची सवय लावून घेतली; त्यामुळे समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा, पण लेखिकेला एवढं सोसावंच लागतं. नवऱ्याने एकदा विचारलं, की एवढे लोक वाचतात तर एकही काही लिहून का पाठवत नाही? मी म्हटलं, दर्दी लोक गप्प असतात.

मंडळात मी हे सांगितलं नसतं तर माझं नाव बदललं असतं. कार्यवाह आधी हिरमुसले, मग आकडा ऐकून वरमले, आणि गणेशोत्सवात त्यांनी माझं व्याख्यानच ठेवलं. विषय 'जगभरातील माझा वाचक'. छापील कार्यक्रमपत्रिकेत अथर्वशीर्ष आणि पाककला स्पर्धेच्या मध्ये मी होते.

व्याख्यानाच्या आधीच्या आठवड्यात मी प्रकरण टाइप करत असताना कॅफेतली वीज गेली. बंगलोरमध्ये त्यात नवल काही नव्हतं. थोड्या वेळाने ती आली आणि मालकाने ओळीने सगळी मशीनं सुरू केली. पहिलं मशीन उजळलं. पिवळंजर्द. त्याच्यावर समई गरगर फिरत होती. मग दुसरं. मग तिसरं. भिंतीला लागून असलेल्या सगळ्या मशीनवर माझी समई फिरत होती, आणि प्रत्येकापुढे एकेक माणूस हनुवटीला हात लावून ती जायची वाट बघत बसला होता. व्हिसाचं काही बघायला आलेल्या एका टायवाल्याने मोठ्याने विचारलं, की हे पिवळं दर वेळी आधी का येतं आणि जायला एवढा वेळ का लावतं.

मी मालकाकडे बघितलं. तो लाजून हसला, वाढदिवसाची भेट वेळेआधी सापडावी तसा.

"मॅडम, आपका नंबर बढ़ा ना? मैंइच डाला सब मशीन में."

त्याचं म्हणणं असं, की मी आकडा बघून रोज तोंड पाडते, हे त्याला बघवलं नाही. म्हणून कुणीही इंटरनेट सुरू केलं की आधी माझंच पान उघडेल, अशी त्याने सोय केली. माझं कोपऱ्यातलं मशीन तेवढं सोडलं, कारण मॅडम त्यांचं पान त्यांचं त्याच उघडतात. स्वल्प पब्लिसिटी झाली पाहिजे ना, असं तो म्हणाला आणि त्याने माझ्यासाठी कॉफी मागवली.

त्याच्यावर चिडणंही शक्य नव्हतं. मी कॉफी प्याले, आभार मानले, आणि माझं पान सगळीकडून आजच्या आज काढून टाका असं सांगून बाहेर पडले. बसमध्ये मला रडू आलं. फसवलं गेल्याचं नव्हतं ते; हसं झाल्याचंही नव्हतं. मला वाचक आहेत असं वाटलं होतं आणि ते नव्हते, इतकंच. नवरा मात्र ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला. मग माझा चेहरा बघून त्याने स्वतःहून भांडी घासली. व्याख्यानासाठी मी घसा बसल्याचं कळवलं. कार्यवाहांनी काळजीने हळद-दूध घ्यायला सांगितलं आणि माझ्या जागी अंताक्षरी ठेवली. ती फार रंगली म्हणे.

मी लिहिणं बंद केलं. नायिका आठव्या प्रकरणात लोणच्याची बरणी काढायला स्टुलावर चढली होती आणि झरोक्यातून तिला शेजारच्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मी तिला तशीच स्टुलावर सोडली. ट्रंक उघडली आणि माझ्या जुन्या पुस्तकांत तोंड खुपसून बसले. पण तिथेही मन लागेना. दर पानावर मला वाटायचं, या नायिकेला वाचायला मी तरी आहे.

दिवाळी उलटून गेल्यावर एका दुपारी फोन वाजला. कॅफेचा मालक होता, आणि वैतागलेला होता. त्याच्याकडे एक अक्का येतात, त्या रोज भांडतात, माझं पान परत आणा म्हणतात. तेव्हा मॅडमनी येऊन काय ते मिटवावं. मला वाटलं, हा पुन्हा माझं मन राखायला बघतोय. एकदा हात पोळले होते. तरी मी हातातली भाजी तशीच टाकून बस पकडली.

अक्का खरंच होत्या. साठीच्या, रुंद काठाची साडी, केसात मोगरा, आणि बंद मशीनकडे पाठ करून बसलेल्या. परदेशातल्या मुलीला पत्र लिहायला त्या इथे येत. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. त्यांची मराठी कन्नडच्या चालीवर चालायची. माझ्या पानाला त्या दुकानाचंच पान समजत होत्या, भिंतीवर कॅलेंडर लावतात तसं गिऱ्हाइकांसाठी लावलेलं; आणि मालकाने ते चिक्कूपणाने काढलं, असा त्यांचा आरोप होता. ते मी लिहिलंय असं मालकाने सांगितल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

मी ओशाळून सांगायला लागले, की माफ करा, इंग्रजी अक्षरांत लिहावं लागलं, आपली लिपी त्यात नीट दिसत नाही.

"ती लिपी मला येत नाही की," अक्का म्हणाल्या. "शाळेत कन्नड शिकले, इंग्लिश शिकले. मराठी आमच्या घरी नुसती तोंडातली. आई बोलायची, मी बोलते. वाचलं हेच पहिलं."

मी विचारलं, की कुठपर्यंत वाचलंत? त्या म्हणाल्या, सगळं वाचलं. ती एक्स्चेंजमधली पोरगी साहेबाला फोनवर सुनावते आणि घरी येऊन पंखा लावते, संपलं. माझ्या ध्यानात आलं, की हे पहिल्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य. निळ्या अक्षरांवर टिचकी मारायची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. महिनोन्महिने पत्र लिहायला येऊन त्या दर वेळी तेच एक प्रकरण वाचत होत्या.

मी मालकाला पान उघडायला सांगितलं. समई फिरली, पान आलं. मी अक्कांना निळी अक्षरं दाखवली, इथे दाबलं की पुढची गोष्ट येते म्हणाले.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "पुढचं मग. आधी हे होऊ दे."

त्यांनी चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून हलक्या आवाजात वाचायला सुरुवात केली. मी शेजारच्या खुर्चीवर बसून राहिले. माझी वाक्यं त्यांच्या तोंडून वेगळ्याच चालीवर येत होती. मध्येच एक वाक्य आलं, साहेबाच्या केसांच्या टोपाबद्दलचं. ते मी कितीदा तरी खोडून लिहिलं होतं, कुणीतरी तिथे हसावं म्हणून. अक्का तिथे हसल्या. मग बोटाने जागा शोधत थोडं मागे गेल्या आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं.