तिसरं आठ

शी! अजून त्या टाळ्या आठवल्या की किळस येते.

माझ्या वडलांना, आप्पांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. पेठेत सोंगट्यांची चल्लस खेळावी ती आप्पांनीच. चिंचोक्याच्या चार फाकी टाकायच्या, चारी काळ्या पडल्या की आठ. न पडलेलं आठसुद्धा आप्पा भांडून पाडायचे. आता मुठीतनं फाकी सुटेनात. आप्पा जेवणाचं ताटही ढकलून द्यायला लागले.

मी आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्यांच्यासाठी दिव्यांची चल्लस करायला बसले. पाटावर पंचवीस घरं, घराघरात दिवा, आणि डाव्या हातानं दाबायला एक मोठं बटण. दाबलं की दान पडतं, आणि सोंगटी म्हणून त्या घरातला दिवा लागतो. दिवे तपासायला पाटाखाली एक बारकं बटण ठेवलं होतं. ते दाबून धरलं की आठच पडायचं; भावाला ते ठाऊक होतं.

पहिल्या डावाला थोरला भाऊ समोर बसला. आप्पांनी बटण दाबलं. आठ! परत आठ! परत आठ! वहिनी, काकू, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, तान्ह्या पोरानं शी केल्यावर पिटतात तशा. आणि भावाचा हात पाटाखाली.

"लाज न्हाय वाटत?" मी म्हटलं.

"आजारी माणूस हाय. जिंकून खूश हुतंय की! तुझं काय जातंय?"

खूश? सलग तिसरं आठ जळतं, दान बाद होतं, हे पेठेतलं शेंबडं पोरगं पण सांगेल. आप्पा भावाच्या तोंडाकडं बघत बसलेले.

"तिसरं... जळतंय," ते कसंबसं म्हणाले. "तू भांडला न्हाईस. मी... मेलो काय रं?"

मी पाट उलथा केला, पक्कड घेतली आणि ते बारकं बटण सगळ्यांदेखत उपटून काढलं.

डाव परत मांडला. आप्पांना एक पडलं, दोन पडलं. भावाला नेमकं हवं ते दान पडलं. आप्पांची सोंगटी मरत होती, तर हा म्हणतो, "ऱ्हाऊ दे, दुसरी सरकवतो."

"मार," मी ओरडले.

"पोरीला काळीज न्हाय बघा," काकू म्हणाली.

त्यानं मारली. आप्पांचा दिवा विझला. तोंड लालबुंद झालं, आणि एक कचकचीत शिवी, अख्खी, न अडखळता, भावाच्या अंगावर आली. काकू कान झाकून आत पळाली.

आप्पांनी डाव्या हातानं पाट पुढ्यात ओढला.

"मांड की परत," म्हणाले.