विठोजीअण्णांची सुपारीची चूल

चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा. पण बंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या निम्म्या हॉटेलांच्या भट्ट्या विठोजीअण्णांच्या हातच्या. एकदा बांधलेल्या कामाला कोणी बोट लावलं की अण्णा त्या हॉटेलात चहासुद्धा घेत नसत. माणूस तिरसट, पण मला आवडायचा.

१९९४ साली मल्लेश्वरमच्या आमच्या लहानशा संस्थेने त्यांना पश्चिम घाटातल्या शिरसीकडे नेलं. मी अहवाल टंकायला सोबत. तिथले छोटे बागायतदार कोवळी सुपारी सोलून मोठ्या हंड्यांत उकळतात, आणि त्यापायी मागच्या डोंगरावरचं घनदाट रान दरवर्षी चुलीत जातं. संस्थेच्या साहेबांनी निम्म्या लाकडात भागेल अशी चूल कागदावर काढली. अण्णांनी ती त्यांतल्याच एक बागायतदार, कौशल्यक्का, यांच्या परसात बांधली. हंगामभर ती चालली तर गावातल्या आणखी तीस घरांत चुली होणार होत्या, नाहीतर योजना गुंडाळायची.

आम्ही जाऊ तेव्हा चूल पेटलेलीच असायची. साहेब खूश, माझे अहवाल गोडगोड. तिसऱ्या खेपेला अण्णांनी धुराड्यात बोट फिरवलं. काजळी नावालाच होती. साहेब बागेकडे वळल्यावर त्यांनी विचारलं, "अक्का, खरं सांगा. ही पेटवता कधी?"

कौशल्यक्का ओशाळल्या. "जीपचा आवाज आला की. एरवी जुनीच चूल. एवढ्या लांबून येता तुम्ही, मन कसं मोडायचं?" मग हळूच म्हणाल्या, "तोंड एवढंसं आहे. लाकूड वीत-वीत फोडून घालावं लागतं. मी सुपारी सोलू की कुऱ्हाड चालवू?"

हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. हॉटेलात लाकडं फोडायला वेगळा माणूस असतो, आणि अण्णांचा जन्म हॉटेलांत गेलेला.

अण्णांनी कुऱ्हाड उचलली. एका हंड्यापुरतं लाकूड फोडेपर्यंत दुपार कलली, तळहाताला फोड आले. मग हातोडा घेऊन त्यांनी आपल्याच चुलीचं तोंड फोडलं, अख्खा ओंडका सरकेल एवढं मोठं केलं आणि पुढे पत्र्याची झडप लावली.

साहेब परतले ते भडकलेच. "माप कोणाला विचारून बदललंत? लाकूड जास्त जाईल!"

"स्वल्प जाईल, साहेब. न पेटणारी चूल सगळ्यात जास्त लाकूड वाचवते, मग तीच ठेवायची काय?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण नोकरी साहेबांच्या हातात, म्हणून गप्प राहिलो. त्याची अजून लाज वाटते.

पंधरा दिवसांनी गेलो तर जीपचा आवाज ऐकूनही दारात कोणी आलं नाही. परसात चूल धडधडत होती. शेजारच्या तिघी आपापल्या सुपारीच्या टोपल्या घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत बसल्या होत्या. कौशल्यक्कांनी नुसती मान वळवली आणि ओंडका आत सरकवला.

"बसा अण्णा. उकळी आलीय, आता उठता यायचं नाही मला."

पाणीसुद्धा विचारलं नाही म्हणून साहेबांना झोंबलं. अण्णा मात्र तिथेच मातीत बसले आणि सगळ्यांदेखत रडले.