मनोरीच्या जयाबाईचा अडवलेला धवला

"बोलावल्याबिगर मी देवाच्या दारीबी जात नाय."

मनोरीच्या जयाबाईचं हे बोलणं सगळ्या कोळीवाड्याला पाठ होतं. पोरं तिची नक्कल करायची, पण खोटं म्हणायची कोणाची छाती नव्हती. एकदा तिच्या सख्ख्या भावाने मुलीच्या हळदीचं आवतण फोनवरून दिलं. जयाबाई दार लावून भरदुपारी झोपली. शेवटी भाऊ सुपारी-नारळ घेऊन स्वतः उंबऱ्याशी आला, तेव्हा उठून तिने लुगडं बदललं.

हा माज तिला शोभायचा, कारण ती धवलारीण होती. आमच्याकडे लग्नाला भटजी मागाहून येतो, आधी धवलारीण बसते. हळदीच्या पाटासमोर ती तांदळाची रास मांडते, दिवा लावते आणि धवला म्हणते. धवल्यात ती एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते. गावदेवी येते, डोंगरावरची एकवीरा येते, खाडीकाठचा वेताळ येतो, दर्या येतो, घरातले मेलेले वाडवडील येतात. सगळ्यांना पाट मिळतो, हळद लागते. आणि शेवटी, हे महत्त्वाचं, प्रत्येकाला पुन्हा नावाने निरोप द्यायचा असतो. जो बोलावतो त्यानेच पाठवायचं. बोलावून तसंच ठेवलेला देव त्या घरात उपाशी बसून राहतो, असं आमची माणसं मानतात. जयाबाई गायला बसली की आवाज होडीच्या शिडासारखा हळूहळू भरत जायचा, आणि मांडवातल्या बाया हातातली कामं टाकून तिच्यामागे ओळ ओढायच्या.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली आणि गाठीबरोबर आवाजही गेला. बोलता यायचं, पण खरखरीत. वरचा सूर लावायला गेली की नुसता वारा बाहेर पडायचा. त्या दिवसापासून तिने सुपारी घेणं बंद केलं. "फाटक्या शिडानं मी होडी काढत नाय," एवढंच म्हणाली. दुसरी धवलारीण गावात उरली नव्हती. लोकांनी चार दिवस हळहळ केली आणि हळदीला डीजे आणला. देवांना कोणी बोलावलं नाही, मग पाठवायचा प्रश्नच मिटला.

जयाबाईची नात कल्पिता मालाडला एका दवाखान्यात कामाला होती. तिचं लग्न ठरलं आणि घरात पहिलं भांडण डीजेवरून झालं.

"माज्या नातीची हलद त्या धडधडीवर लागनार नाय."

"मग तू गा ना, आये." कल्पिता आजीला आयेच म्हणायची.

"मी गानार नाय."

"मग काय करू? कोरडीच हळद लावून घेऊ?"

जयाबाई उठून ओटीवर गेली. कल्पितालाही वाईट वाटलं. मग तिला आठवण झाली. बऱ्याच वर्षांपूर्वी अंधेरीच्या एका कॉलेजची माणसं आजीचा धवला रेकॉर्ड करून घेऊन गेली होती. रीतसर नारळ घेऊन आली, म्हणून जयाबाई गेली. बंद खोलीत बसून तिने आख्खा धवला म्हटला होता, पहिल्या देवापासून शेवटच्या निरोपापर्यंत. ती माणसं मध्येच चहा घ्या म्हणाली तर तिने हात करून गप्प बसवलं होतं. ती रेकॉर्डिंगं कॉलेजने वेबसाइटवर ठेवल्याचं कल्पिताने कुठेतरी वाचलं होतं.

तिने फोनवर शोधलं. सापडलं. आजीचा जुना फोटो होता, खाली नाव होतं, आणि नावाखाली डाउनलोड लिहिलेलं बटण. तिथल्या तिथे ऐकायची सोय नव्हती, फाईल उतरवूनच घ्यायला हवी होती.

"आये, तुझाच आवाज वाजवू हळदीला."

जयाबाई कितीतरी वेळ फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माजाच हाय ना? मग चालेल."

बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. दुसऱ्या दिवशी कल्पिताने दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर दाबून पाहिलं. तिथे निदान उत्तर आलं. ही फाईल असुरक्षित आहे, तुमच्या कॉम्प्युटरला धोका होऊ शकतो, म्हणून अडवली आहे. कल्पिताने संध्याकाळी घरी येऊन हे सांगितलं, आणि इथे तिची चूक झाली.

"धोका?" जयाबाई मासळीची पाटी बाजूला सारून उठली. "माज्या आवाजाचा धोका? एवढी लग्नं लावली मी, कोनाचा संसार बुडाला? नाव सांग."

"तुला नाही गं म्हणत तो. मशीन आहे."

"मशीनला तोंड हाय ना? मग ऐकून घेईल. कंय बसतो तो, चल."

सकाळी जयाबाईने मासळीची पाटी बरोबरच घेतली, दोघी होडीने मार्व्याला उतरल्या आणि रस्त्यावरच्या सर्वेशच्या दुकानात गेल्या. सर्वेश कुडाळकडचा. बाप गिरणीत होता. गिरणी गेली, आणि पोराने झेरॉक्स, आधारकार्ड, रेल्वेचं तिकीट असं सगळं करून देणारं दुकान टाकलं. दुकानात त्याच्याच गावाकडची सुगंधावहिनी रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला उभी होती.

"बसा आजी," सर्वेश म्हणाला.

"बसायला नाय आले. माजा आवाज कोंडून ठेवलाय, तो सोडव."

कल्पिताने समजावून सांगितलं. सर्वेशने वेबसाइट उघडली, बटण दाबलं. काही नाही. त्याने दुसरा ब्राउझर उघडला. तिथेही तेच, उलट तो तर अडवल्याचंही सांगेना, मुक्यासारखा बसला. मग सर्वेशने व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम बंद केला. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षेचा पहारा कमी केला. जुना साठा पुसला, मशीन बंद करून चालू केलं. सारखं तेच. असुरक्षित, अडवलं.

"काय म्हनतो?" जयाबाईने विचारलं.

"तेच."

"त्याला विचार, तो डीजे कसा आला सगल्यांच्या फोनात? त्याचा नाय धोका? पत्रे हादरतात, म्हातारी मानसं कापूस घालून बसतात कानात, तो सुरक्षित?"

सर्वेशला हसू आलं. "तो बरोबर येतो, आजी."

"हसू नको रे."

त्याने हसू आवरलं. मागून सुगंधावहिनी म्हणाली, "सर्वेशा, माझी झेरॉक्स मेळतली काय, का लगीन लागल्यार येव?"

"थांब गे वहिनी, जरा."

कल्पिताने कॉलेजला फोन लावला. स्पीकरवर एक बाई गोड आवाजात बोलली. वेबसाइट नुकतीच नवीन केली आहे, तक्रारी येत आहेत, ईमेल करून ठेवा, बघू.

"हलद परवा हाय," जयाबाई फोनकडे वाकून म्हणाली.

"हो आजी, पण प्रोसेस असते."

नारळ घेऊन होडीत बसून आले तेव्हा नव्हती प्रोसेस. तेव्हा आजी, आजी करत ओटीवर मांडी घालून बसले होते. गरज सरली की माणसाचा आवाजही कुठल्याशा कोठारात पडतो आणि दाराशी मशीन बसवतात. ते ओळख दाखवत नाही, आणि ज्याचा आवाज त्यालाच हाकलून देतं. हे मला आजही सहन होत नाही. पण तेव्हा जयाबाई माझ्यासारखी बडबडली नाही. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मी हालनार नाय."

सर्वेश पुन्हा स्क्रीनकडे वळला. बटणावर बाण नेऊन नुसता थांबला, दाबलं नाही. खाली कोपऱ्यात फाईलचा पत्ता उमटला. तो वाचून त्याने टेबलावर बोट आपटलं.

"हे बघ कल्पिता. यांनी घराचं पुढचं दार नवीन केलं, कुलूपवालं. गाणी मात्र जुन्या खोलीत तशीच ठेवली, तिला कुलूप नाही. आपण कुलपाच्या दारातून शिरतो आणि बिनकुलपाच्या खोलीतून सामान मागतो. ब्राउझर म्हणतो, मध्ये कोणी सामान बदललं तर? म्हणून देत नाही. गाण्यात काही खोट नाही, वाट कच्ची आहे."

"मग?"

"मग पुढच्या दाराने जायचंच नाही."

त्याने पत्ता उचलला, कोऱ्या पानावर डकवला आणि थेट तिथे गेला. ब्राउझरने एकदा कुरकुर केली, फाईल ठेवायची का म्हणून विचारलं. सर्वेशने ठेवा म्हटलं. खाली एक निळी रेघ सरकत गेली आणि पूर्ण भरली.

"आला," तो म्हणाला.

"लाव."

स्पीकरमधून आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कोणीतरी खोकलं, आणि मग जयाबाई गायला लागली. ती जुनी, भरल्या गळ्याची जयाबाई. कल्पिताने तोंडावर हात धरला. सुगंधावहिनी रेशनकार्ड घडी करता करता थांबली. बाहेरून लॅमिनेशन विचारायला आलेला माणूस पायरीवरच उभा राहिला. गावदेवी आली. एकवीरा आली. वेताळ आला, दर्या आला. जयाबाई डोळे मिटून बसली होती आणि तिचं बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं. वाडवडील आले, पाटावर बसले.

आणि आवाज तुटला.

"पुढं?" जयाबाईने डोळे उघडले.

सर्वेशने मागे-पुढे करून पाहिलं. "संपली फाईल."

"संपली कशी? हलद लागायची हाय. निरोप ऱ्हायला."

"एवढीच आहे, आजी."

कल्पिताने पुन्हा कॉलेजला फोन लावला. तीच बाई. हो, बरोबर आहे, वेबसाइटवर सुरुवातीचा नमुना तेवढा ठेवला आहे, फार लांब होतं ना ते. मूळ रेकॉर्डिंग कुठे असेल ते शोधावं लागेल, तेव्हाचे सर आता नाहीत.

कल्पिताने फोन ठेवला. आयेचा चेहरा असा लाल झालेला मी कधीच पाहिला नव्हता, असं कल्पिताने मला नंतर सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडायला आवाजच नव्हता.

"नमुना," ती म्हणाली. "देव काय बोंबील हायेत, चार चाखायला ठेवले?"

सुगंधावहिनी हळूच म्हणाली, "म्हणजे मशीन अडवी होता ता बराच होता."

सर्वेशने भीत भीत विचारलं, "आजी, एवढं पेनड्राइव्हवर देऊ का? हळदीला निदान सुरुवात तरी..."

"नको. माज्या नातीच्या मांडवात देव बोलवून बसवून ठेवू? कोन पाठवील त्यांना, तुजा मशीन?" मग तिने दुकानभर नजर फिरवली, झेरॉक्सच्या मशीनवर, फायलींच्या थप्पीवर, पायरीवरच्या माणसावर. "आता बी बसलेत ते. माज्या तोंडानं आलेत. इथंच बसलेत."

सर्वेशने नकळत खुर्ची जरा मागे घेतली, जणू कोणाला जागा करून दिली.

जयाबाईने पदर डोक्यावर घेतला आणि जिथे आवाज तुटला होता तिथून गायला लागली. गाणं म्हणायचं एवढंच. सूर लागत नव्हता. वरच्या जागेला नुसता वारा यायचा, ओळ फाटायची, ती गिळून पुन्हा धरायची. ज्या बाईने आवाज गेल्यापासून परक्यासमोर गुणगुणलंसुद्धा नव्हतं, ती झेरॉक्सच्या दुकानात, भर सकाळी, चार माणसांसमोर तो फाटका आवाज काढून बसली. तिने सगळ्यांना हळद लावली. मग वाडवडिलांना पाठवलं, दर्याला पाठवलं, वेताळाला पाठवलं. एकवीरेच्या निरोपाला आवाज अगदीच बसला, तेव्हा कल्पिताने मागून ओळ ओढली. चुकतमाकत ओढली, पण सोडली नाही. सुगंधावहिनीला शब्द येत नव्हते, तिने नुसता सूर धरला. गावदेवीला शेवटचा निरोप झाला आणि जयाबाईने जमिनीला हात लावून कपाळाला लावला.

"त्या कॉलेजला सांग," ती कल्पिताला म्हणाली, "पुरा ठेवा नाय तं पुसून टाका. माजं नाव खाली लिवलंय."

"सांगते. आणि आये, परवा?"

"परवा काय?"

"हळद."

जयाबाईने पाटी उचलली. "डीजेवाल्याला नाय सांग. मी बसनार. मना सुपारी दे घरी येऊन, रीतीनं. तुज्या बापाला घेऊन ये. आन बायांना आजपासून ओढायला बसव, मी एकटी किती फाडू गला."

"थांब, पैसे देते, बरोबर जाऊ."

"तू ये मागून. होडी सुटंल."

ती पायरी उतरली. लॅमिनेशनवाला बाजूला सरकला. मार्व्याच्या रस्त्याने, रिक्षांच्या कडेकडेने, पाटी कमरेवर घेऊन ती खाडीच्या दिशेने चालत गेली. मागे वळली नाही. सर्वेश हातातला माऊस तसाच धरून दारात आला. सुगंधावहिनी त्याच्या शेजारी उभी राहिली, झेरॉक्सचं तिच्या लक्षातही नव्हतं. कल्पिता पैशाची पर्स उघडी ठेवून पायरीवर उभी होती. वळणावरच्या माडांआड लुगड्याचा हिरवा रंग जाईपर्यंत तिघं बघत होती.